झऱ्याचा वास

पाण्याच्या पिशवीचं बूच ओठांत धरलं आणि ते मृदुलाच्या जिभेला आधी कळलं. बूच बुळबुळीत होतं.

तिने ते तोंडातून काढून अंगठ्याने चोळलं. साबण नीट न निघालेल्या भांड्यावरून घसरावं तसं बोट सटकन घसरलं. मग तिने ते नाकाशी नेलं. आंबूस, गोडसर, जरासा उबट वास. हा वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना, आणि आठवू नये असंही आतून वाटत होतं.

नभदुर्ग स्थानकावरचा तो चौऱ्याऐंशीवा दिवस होता. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर वर, एका लांबट डब्यात तीन माणसं. त्यातली मृदुला नाचणे हवा आणि पाणी बघायची.

"सर, पाण्याला वास येतोय," ती म्हणाली.

कमांडर यशोधन सरनोबत दोन्ही पाय भिंतीवरच्या पट्ट्यात अडकवून केस विंचरत होते. वजन नसलेल्या जागी केस बसत नाहीत, उभेच राहतात, तरी रोज सकाळी खालच्या केंद्राशी बोलण्याआधी सरनोबत पंधरा मिनिटं विंचरत.

"वास?" ते हसले. "अगं, इथे नाक कुणाचं चालतंय? मला गेल्या महिन्यात लसणाची चटणी आणि दंतमंजन यांतला फरक कळला नव्हता."

ते खरंच होतं. वर गेलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, चेहरे सुजतात, नाकं कायमची चोंदतात. पण मृदुलाचं नाक लेकीच्या, रेवाच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून जे तिखट झालं होतं, ते इथेही पुरतं बंद झालं नव्हतं.

"आकडे बघ झऱ्याचे. सगळे हिरवे," सरनोबत म्हणाले. "नाकापेक्षा आकडा मोठा."

झरा हे त्या यंत्राचं नाव, सरनोबतांनीच ठेवलेलं. स्थानकावर नवीन पाणी येत नाही. तिघांचा घाम, श्वासातली वाफ, लघवी, ओल्या फडक्यातला ओलावा, सगळं गोळा होऊन पुन्हा प्यायला येतं. आधी हे काम रसायनांच्या गाळण्या करायच्या आणि त्या दर तीन महिन्यांनी खालून आणाव्या लागायच्या. चंद्रावर माणसं ठेवायची तर ते जमणारं नव्हतं. म्हणून झरा. हातभर लांबीच्या नळ्या, त्यांच्या आत पातळ जेलीसारखा पडदा आणि त्या पडद्यात प्रयोगशाळेत घडवलेल्या नऊ जातींचे जिवाणू. एका जातीने युरिया खायचा, दुसरीने तिने टाकलेला अमोनिया, तिसरीने दुसरीचं उरलेलं. असं एकाचं उष्टं दुसऱ्याने खात खात शेवटी नितळ पाणी. पडदा फाटला तर जिवाणूच तो पुन्हा विणत. पडदा घडवला चार तरुण संशोधकांनी, पण भाषणांतून लोकांना माहीत झाला तो 'सरनोबतांचा झरा' म्हणून.

नव्वद दिवस झरा नीट चालला, की तोच झरा चंद्रतळावर जाणार होता. तिथे आठ माणसं दीड वर्ष त्या पाण्यावर राहणार होती. तिथून पळून यायला जवळ काही नव्हतं.

सरनोबतांना गडांचं वेड. पाण्याची राखीव टाकी म्हणजे त्यांच्या भाषेत 'टाकं'. दीडशे लिटर, खालून आणलेलं, सीलबंद. आणि झऱ्याच्या नळीच्या तोंडाशी त्यांच्या हस्ताक्षरात चिकटवलेली पट्टी: 'आधी पुसा, मग वाचा.' नळीच्या शेवटी काचेची एक चकती होती. तिच्यातून प्रकाश जाऊन पाण्यात किती जीव आहेत ते मोजलं जाई. सुरुवातीच्या आठवड्यात बुडबुडे आणि शिंतोडे चकतीला चिकटून खोट्या घंटा वाजत. तेव्हा सरनोबतांनी नियम घालून दिला. रोज सकाळी पहिलं अर्धा लिटर पाणी मागे झऱ्यात सोडायचं, चकती स्पिरिटच्या फडक्याने पुसायची, मग आकडा वाचायचा. घंटा थांबल्या. मृदुलालाही तेव्हा नियम पटला होता. तेव्हापासून रोज तिनेच चकती पुसली होती.

त्या दिवशी घरी बोलायची पाळी होती. नाशिकच्या घरातला सोफा, त्यावर दोन वर्षांची रेवा आणि मागे तिला सांभाळणाऱ्या मंदाताई. रेवा एका कापडी हत्तीला दूध पाजत होती. आपल्या जुन्या बाटलीने.

"ती कुठून काढली?" मृदुलाने विचारलं.

"माळ्यावर होती. बाहुल्यांसाठी धुऊन दिली," मंदाताई म्हणाल्या. "हत्ती पीत नाही म्हणून रागावलीय."

"हत्ती घान," रेवा म्हणाली.

मृदुला हसली आणि हसता हसता तिला तो वास आठवला.

रेवा सात महिन्यांची होती. मृदुला निवडीच्या परीक्षेचा अभ्यास करत लॅपटॉपसमोर बसलेली. मंदाताई दारात येऊन म्हणाल्या होत्या, "ताई, बाटली वास मारतीय." आणि मृदुलाने मान वर न करता म्हटलं होतं, "मंदाताई, आत्ताच स्टरलायझरमधून काढलीय. मशीनला कळतं." मंदाताई गेल्या. रेवा चार दिवस दवाखान्यात होती. पायाला सुई लावलेली, ओठ सुकलेले, रडायलाही त्राण नसलेली. घरी आल्यावर मृदुलाने बाटली उघडली तेव्हा निपलच्या कडेखाली, जिथे स्टरलायझरची वाफ पोचत नव्हती, गुलाबी-काळी बुळबुळ सापडली होती. बाहेरून बाटली आरशासारखी होती. 'म्हटलं होतं ना' असं मंदाताई कधीच बोलल्या नाहीत. मृदुलाही कधी काही बोलली नाही.

संपर्क तुटला. मृदुला तशीच तरंगत राहिली. आपण रोज पुसून मग बघतोय, तिच्या मनात आलं. पुसून मग बघतोय.

"काय झालं मॅडम, नाक काहून मुरडून रायल्या?" प्रफुल्ल वानखडेंनी विचारलं. वानखडे अकोटचे, पन्नाशीचे. स्थानकाचा प्रत्येक स्क्रू त्यांना ठाऊक होता.

"प्रफुल्लदादा, चकतीच्या अलीकडचा बाक उघडायचाय. नळी वळते ना, तिथला."

"सरांना विचारलं?"

"नाही."

वानखडेंनी खिशातून पाना काढला.

बाक सुटला. आधी काहीच दिसलं नाही. मग नळीच्या तोंडातून ते हळूहळू बाहेर आलं. करडं, गुलाबीसर, बोटभर जाड. शेंबूडही नव्हे, शेवाळही नव्हे, दोन्हींच्या मधलं काही. त्याची एक तार ताणत ताणत वानखडेंच्या चेहऱ्याकडे निघाली, थरथरली आणि त्यांच्या मिशीला लागली. आंबलेल्या दुधाचा भपकारा डबाभर पसरला. चोंदलेल्या नाकाच्या वानखडेंनाही तो आला.

"हे," त्यांनी मिशी पुसली, पुन्हा पुसली, कातडी लाल होईपर्यंत पुसली. "हे आपन पिऊन रायलो?"

मृदुलाला उबळ आली. ती तिने दात आवळून परतवली. चौऱ्याऐंशी दिवसांचा प्रत्येक घोट तिला घशात परत आल्यासारखा वाटला.

पारदर्शक पिशवीत तो लगदा भरून ती सरनोबतांकडे गेली. त्यांनी पिशवी हातात घेतली, पण नजर समोरच्या भाषणाच्या मसुद्यावरच होती.

"जिवंत पडदा आहे, मृदुला. इकडेतिकडे थोडा वाढणारच."

"सर, हा पडद्याच्या पुढे सापडलाय, पिण्याच्या बाजूला. आपल्या तोंडातले, कातडीवरचे जंतू मागे नळीत गेलेत आणि पडद्यातल्या जिवाणूंकडून चिकट घर बांधायला शिकलेत. त्या घरात लपले की पाण्यात सोडलेलं चांदीचं जंतुनाशक औषधही आत पोचत नाही. मधूनमधून लगदा सुटतो. तो सुटला तरी पहिल्या अर्ध्या लिटरबरोबर आपण मागे पाठवतो, चकतीवरचा पुसून काढतो आणि मग वाचतो. एकदा न पुसता वाचू या. एकदाच."

"न पुसलेल्या काचेवरचा आकडा हा आकडा नसतो. डाग असतो."

"मला तो डागच बघायचाय, सर."

आता सरनोबतांनी मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिथे माया होती, लहान मुलाच्या बोबड्या प्रश्नावर येते तशी.

"तुझी मुलगी केवढी? दोन ना? माझी बायकोही मुलं लहान असताना दाराच्या कड्या डेटॉलने पुसायची. आई माणसाला जंतू दिसायला लागतात. घरची आठवण येतेय तुला. सहा दिवस राहिलेत, आणि नव्वदाव्या दिवशी काय आहे लक्षात आहे ना?"

तिच्या लक्षात होतं. थेट प्रक्षेपण. चार हजार शाळा बघणार होत्या. आणि त्यात सरनोबत टाक्याची झडप उघडून राखीव पाणी अवकाशात सोडून देणार होते. नभदुर्ग आता फक्त झऱ्यावर जगतो, हे दाखवायला.

"ते तरी नको, सर," मृदुला म्हणाली. "लगदा खोटा निघाला तर मी माफी मागेन. पण टाकं राहू द्या."

"दोर कापल्याशिवाय मावळा लढत नाही."

"सर," मागून वानखडे म्हणाले, "गडावरचं टाकं दुश्मन फोडते. किल्लेदार नाही फोडत."

सरनोबत मोठ्याने हसले. "वानखडे, हे मी भाषणात घेतो."

केंद्राला जाणारा कुठलाही अहवाल कमांडरच्या शेऱ्याशिवाय खाली जात नसे. मृदुलाने सव्वा पान लिहिलं. सरनोबतांनी खाली शेरा मारला: 'पाहिले. चिंतेचे कारण नाही.' अहवाल गेला आणि खालून 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. लगद्याची पिशवी सरनोबतांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मृदुलाने ती काढली, पुसली आणि आपल्या कप्प्यात ठेवली. ती पुसताना हाताला लागलेला वास दोन दिवस गेला नाही.

एकोणनव्वदाव्या दिवशी सरनोबत व्यायामाच्या पट्ट्यावर धावत असताना मृदुला आणि वानखडे टाक्यापाशी गेले. एक लिटरची एक, अशा पिशव्या भरायला लागले. भरलेल्या पिशव्या मृदुला आपल्या झोपायच्या पिशवीत, आत, पायांच्या बाजूला कोंबत होती.

"ही चोरी झाली का हो, मॅडम?"

"हो."

"बारा झाल्या. मंग दोन अजून भरा."

नव्वदाव्या दिवशी सरनोबतांचे केस बसलेले होते. त्यांनी केसांना काहीतरी चोपडलं होतं. ते बोलले उत्तम. धाडस, विज्ञान, आपली माती, सगळं नीट ठिकठिकाणी आलं. मग झडप उघडली. खिडकीबाहेर पाण्याची धार क्षणात गोठली आणि लक्षावधी कण उन्हात चमकत पसरत गेले. दृश्य इतकं सुंदर होतं की मृदुलाला त्याचाही राग आला. खाली मुलं टाळ्या वाजवत होती.

"आणि आता," सरनोबत म्हणाले, "झऱ्याचं पाणी, तुमच्या साक्षीने."

तिघांनी पिशव्या तोंडाला लावल्या. बूच बुळबुळीतच होतं. मृदुलाने घोट घेतला आणि गिळला नाही. तोंडात तो कोमट, जाडसर घोट धरून ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. चार हजार शाळांकडे बघून हसली. बघणाऱ्यांत कुठेतरी सोफ्यावर रेवाही होती. नंतर पडद्याआड जाऊन तिने घोट टॉवेलमध्ये थुंकला, जीभ टॉवेलला घासली, पण त्या हसण्याचं काय करायचं ते तिला समजेना. थुंकता न आलेलं ते अजून तोंडातच होतं.

"मी गिळला," वानखडे खालच्या आवाजात म्हणाले. "सर बघत होते."

आनंदाच्या भरात सरनोबत त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तेव्हा पिशवी घेऊन पीत होते, जणू प्रत्येक घोटाने कुणाला तरी हरवत होते. ब्याण्णवाव्या दिवशी सकाळी विंचरता विंचरता कंगवा त्यांच्या हातातून सुटला.

वर ओकारी खाली पडत नाही. तिचे गोळे होतात, लोंबतात, डुलतात, एकमेकांत मिसळतात आणि हवेच्या झोतावर माणसाच्या मागे मागे येतात. मृदुला आणि वानखडे टॉवेल घेऊन त्यांच्यामागे तासभर फिरत होते. पिवळा, आंबट एक गोळा 'आधी पुसा, मग वाचा' या पट्टीवर जाऊन बसला आणि तिथेच पसरला. वानखडेंचंही पोट दिवसभर चाललं, पण त्यांनी एकच घोट घेतला होता. सरनोबतांना ताप चढला. जुलाब थांबेनात. औषधपेटीत सलाइनच्या दोनच पिशव्या होत्या, त्या दुपारपर्यंत संपल्या. परतीचं यान जोडलेलं होतं, पण खालच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा अवस्थेत माणूस उतरवता येणार नाही. आधी अंगात पाणी जाऊ द्या, मग दोन दिवसांनी या.

पाणी. मृदुलाने झोपायच्या पिशवीतून पहिली पिशवी काढली. त्यात साखर आणि मीठ घातलं, चिमूट तिच्या हाताला पाठ होती. मग सरनोबतांचं डोकं आपल्या कोपराच्या खळगीत धरलं, नवं कोरं बूच त्यांच्या ओठांना लावलं आणि दर पाच मिनिटांनी एक घोट, ओकले की दहा मिनिटं थांबून पुन्हा एक घोट, असं ती त्यांना पाजत राहिली. त्यांच्या अंगाला घाण येत होती. तरी तिचा हात हलका राहिला. त्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

"हे कुठलं पाणी?" संध्याकाळच्या सुमाराला त्यांनी विचारलं.

"टाक्यातलं."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटले. आता ते काहीतरी म्हणतील, असं मृदुलाला वाटलं. मोठं काही नको होतं तिला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. केंद्राचा संपर्क आला तेव्हा सरनोबतांनी कंगवा मागून घेतला. पडद्यावर केंद्रप्रमुख हेमांगी बर्डे होत्या.

"सर, टाकं रिकामं झालं होतं. मग चांगलं पाणी आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

सरनोबतांनी घसा साफ केला. "खबरदारी म्हणून थोडं काढून ठेवायला मीच सांगितलं होतं. कमांडरला दोन पावलं पुढचं बघावं लागतं."

वानखडेंनी मृदुलाकडे पाहिलं.

"आणि आजाराचं कारण?"

"जेवणाचं पाकीट खराब असणार. झरा उत्तम आहे, रोजचे आकडे तुमच्याकडे येताहेत. एका पाकिटापायी चंद्रतळाची तयारी थांबवू नका. आठ जण निघायला तयार आहेत."

त्या सगळ्यात ओकारीचा वास मृदुलाने सहन केला होता. हा तिला सहन झाला नाही. आठ माणसं. जवळ कुणी नाही. आणि भिंतीवर कुणाच्या तरी सुबक अक्षरातली पट्टी.

ती भिंतीला धक्का देऊन झऱ्यापाशी गेली. चकतीला दोन दिवसांत कुणी हात लावला नव्हता. काचेवर साय धरली होती.

"केंद्र, मी नाचणे बोलतेय," ती म्हणाली. "आजचं वाचन देते. न पुसता."

"मृदुला, तू नियम मोडतेयस," सरनोबत म्हणाले.

"मर्यादा पन्नासची. वाचन एकतीस हजार सातशे. माझ्याकडे नऊ दिवसांपूर्वीचा नमुना आहे, तो खाली आणते. राखीव पाणी ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी चोरलं."

"आमी," वानखडे म्हणाले. "चौदा पिशव्या."

सरनोबत अशक्त हातांनी भिंत धरत धरत झऱ्यापर्यंत आले. कुणाकडे न बघता त्यांनी कडीला अडकवलेलं स्पिरिटचं फडकं ओढलं आणि चकतीकडे नेलं, रोजच्यासारखं, जणू अजून सकाळचं काम राहिलंय. वानखडेंनी ते त्यांच्या बोटांतून हलकेच सोडवून घेतलं.

"राहू द्या, सर."

"चकतीला कुणीही हात लावायचा नाही," हेमांगी बर्डे म्हणाल्या. "चंद्रतळाच्या तुकडीला आत्ता कळवते, निघू नका म्हणून. नाचणे, तुमचा सव्वा पानाचा अहवाल माझ्याकडे आला होता. मी फक्त शेरा वाचला."

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी बोलायला दहा मिनिटं मिळाली. रेवा सोफ्यावर उड्या मारत होती. तिचे बाबा काहीतरी विचारत होते.

"आशय, मंदाताईंना बोलाव ना जरा."

मंदाताई पदराला हात पुसत आल्या. "काय ताई, बऱ्या आहात ना? तोंड उतरलंय."

"मंदाताई, त्या दिवशी बाटलीला वास येत होता."

"कुठल्या दिवशी?"

"रेवा दवाखान्यात गेली, त्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही सांगितलं होतंत. मी मान वर करूनही बघितलं नाही. चूक माझी होती."

रेवाने मंदाताईंचा पदर ओढला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," शेवटी त्या म्हणाल्या. "मी नाही विसरले. त्या दिवशी मी पुन्हा एकदा म्हणायला पाहिजे होतं."

"म्हणाला असतात तरी मी ऐकलं नसतं."

"तरीपण." त्यांनी नाक ओढलं. "आता वर काय पिताय?"

"उरलेलं. चांगलं आहे. एक पिशवी आहे अजून."

"लवकर या खाली."

रेवाने स्टीलचा पेला उचलून तोंडाकडे नेला. मंदाताईंनी तो तिच्या हातातून घेतला, आधी स्वतःच्या नाकाशी धरला आणि मग तिला दिला.